सरासरी संवेग शून्य असताना गेटवरच्या मायक्रोवेव्हने स्पिन कसा फिरतो?

तुमची शंका अशी: क्वांटम डॉटमध्ये (अर्धवाहकातल्या नॅनोमीटर आकाराच्या सापळ्यात) कोंडलेल्या इलेक्ट्रॉनचा सरासरी संवेग शून्य असतो आणि स्पिन-ऑर्बिट क्षेत्र, म्हणजे हालचालीमुळे स्पिनला जाणवणारं चुंबकासारखं क्षेत्र, तर संवेगावरच अवलंबून. मग नुसत्या गेटवर (डॉटजवळच्या धातूच्या इलेक्ट्रोडवर) मायक्रोवेव्ह देऊन क्यूबिट, म्हणजे या स्पिनमध्ये साठवलेला क्वांटम बिट, चालतो कसा? शंका रास्त आहे. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र शून्य असेल तर स्पिन खरंच फिरत नाही.

इलेक्ट्रॉन थोडा सरकला की रश्बा आणि ड्रेसेलहाउस या स्पिन-ऑर्बिटच्या दोन पदांमुळे त्याचा स्पिन थोडा वळतो. सरकलेल्या अंतराच्या दुपटीला स्पिन-ऑर्बिट लांबीने (ही जितकी मोठी तितका स्पिन-ऑर्बिट दुबळा) भागलं की तो कोन रेडियनमध्ये मिळतो. पण इलेक्ट्रॉन त्याच वाटेने परतला की स्पिनही तेवढाच उलटा वळतो आणि हाती काही उरत नाही. क्रेमर्सचं प्रमेय हेच सांगतं: शून्य क्षेत्रात दोन स्पिन अवस्थांना विद्युत क्षेत्र एकमेकींत मिसळू शकत नाही. बाहेरचं क्षेत्र लावलं की जाण्यायेण्याच्या मधल्या वेळात स्पिन त्या क्षेत्राभोवतीही फिरतो. वेगळ्या अक्षांभोवतीच्या दोन फिरक्यांचा क्रम बदलला की उत्तर बदलतं, म्हणून थोडी फिरकी शिल्लक राहते. सरकत्या इलेक्ट्रॉनच्या जागी बसून पाहिलं तर बाहेरचं क्षेत्रच डोलताना दिसेल. डोलणाऱ्या भागाची कमाल ताकद म्हणजे बाहेरचं क्षेत्र गुणिले वरचा कोन.

आकडे घालून बघू. गॅलियम आर्सेनाइडमध्ये स्पिन-ऑर्बिट लांबी 10 मायक्रोमीटर, मायक्रोवेव्हने डॉटचं सरकणं 1 नॅनोमीटर आणि क्षेत्र 2 टेस्ला धरा. डोलणारं क्षेत्र 0.4 मिलिटेस्ला येतं. जी-गुणकाचं (स्पिन क्षेत्राला किती दाद देतो त्या आकड्याचं) मूल्य 0.44, त्यामुळे राबी वारंवारता, म्हणजे स्पिन वर-खाली उलटण्याचा वेग, साधारण 1.2 मेगाहर्ट्झ. अडचण इथेच आहे. त्या स्फटिकातल्या अणुकेंद्रकांचं यादृच्छिक क्षेत्र काही मिलिटेस्लांचं असतं, म्हणजे आपल्या चालक क्षेत्राहून मोठं. बऱ्याच वेळा स्पिन अनुनादाबाहेरच असतो आणि राबी आंदोलनं लवकर विरतात. 2007 मध्ये डेल्फ्टच्या गटाने याच पद्धतीने स्पिन फिरवून दाखवला. पाव फेरीला किमान 55 नॅनोसेकंद लागत होते.

मग क्षेत्र वाढवावं का? राबी वेग क्षेत्राच्या पटीत वाढतो खरा, पण स्पिन अवस्थांच्या ज्या मिसळणीमुळे गेट स्पिनला हात लावू शकतं, तिच्यामुळेच फोनॉनही (स्फटिकाची कंपनंही) लावू शकतात. गॅलियम आर्सेनाइडमध्ये शिथिलनाचा, म्हणजे स्पिन आपोआप खालच्या अवस्थेत पडण्याचा, दर क्षेत्राच्या पाचव्या घाताने वाढतो: क्षेत्र दुप्पट, दर 32 पट. सिलिकॉनमध्ये वाढ सातव्या घाताच्या आसपास असते, शिवाय तिथे दऱ्यांची (व्हॅली, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जवळजवळ सारख्या ऊर्जेच्या वेगळ्या अवस्थांची) भानगड आहे. दऱ्यांमधला ऊर्जाफरक 100 मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्ट असेल तर 0.86 टेस्लाला झीमन ऊर्जा (क्षेत्रामुळे दोन स्पिन अवस्थांत पडणारा फरक) त्याच्याशी जुळते आणि टी-1, म्हणजे शिथिलनाला लागणारा वेळ, एकदम कोसळतो. कामाचं क्षेत्र ठरवण्याआधी हा बिंदू शोधून ठेवा.

दिशेकडे फार दुर्लक्ष होतं. (001) पृष्ठभागावर डॉट [110] दिशेने हलत असेल (कंसातले आकडे स्फटिकाचा पृष्ठभाग आणि दिशा सांगतात) तर स्पिन-ऑर्बिट क्षेत्र पृष्ठभागाच्याच पातळीत, पण हालचालीला काटकोनात असतं. बाहेरचं क्षेत्र या स्पिन-ऑर्बिट क्षेत्राला समांतर ठेवलंत तर राबी वेग जवळजवळ शून्य होईल. हालचालीला समांतर ठेवलंत तर सर्वांत जास्त. नमुना बसवताना स्फटिकाच्या कडा नोंदवल्या नसतील तर पुढे दोष मायक्रोवेव्ह तारेवर येतो.

सिलिकॉनमधल्या इलेक्ट्रॉनसाठी नैसर्गिक स्पिन-ऑर्बिट फारच दुबळा, म्हणून वर कोबाल्टचं सूक्ष्म चुंबक ठेवतात. त्याच्या क्षेत्राला दर नॅनोमीटरला 1 मिलिटेस्लाच्या आसपास उतार मिळतो, म्हणून इलेक्ट्रॉन डोलला की त्याला जाणवणारं क्षेत्रही डोलतं.

जर्मेनियममधल्या होलची (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागेची, जी धनभारित कणासारखी वागते) गोष्ट उलट: तिथे स्पिन-ऑर्बिट भरपूर आहे, पण जी-गुणक कमालीचा दिशावलंबी. पृष्ठभागाच्या पातळीत तो 0.3 आणि पृष्ठभागाला लंब 10 धरा. पातळीतलं क्षेत्र 1 अंशाने जरी कललं तरी जी-गुणकात लंब घटकाचा वाटा 0.17 होतो आणि स्पिनचा अक्ष सुमारे 30 अंश वर उचलला जातो. वारंवारता 15 टक्क्यांनी चुकते, गेटचा विद्युतभार-गोंगाटही जास्त जाणवतो. क्षेत्र तीनही अक्षांत फिरवता येणारं चुंबक इथे मला अत्यावश्यक वाटतं. गेट व्होल्टेज किंचित बदलून क्यूबिटची वारंवारता जिथे हलत नाही, ती दिशा आधी शोधा.

आपला स्पिन नेमका कशामुळे फिरतोय हे तपासायचं असेल तर राबी वेग क्षेत्राविरुद्ध मांडा. आरंभबिंदूतून जाणारी सरळ रेषा मिळाली तर स्पिन-ऑर्बिट. कोबाल्ट पूर्ण चुंबकित झाल्यावर रेषा आडवी असेल तर चुंबकाचा उतार. मात्र क्षेत्र बदललं की अनुनाद वारंवारता बदलते आणि तारेतली घटही बदलते. जनरेटरवरची शक्ती स्थिर ठेवणं म्हणूनच पुरेसं नाही. प्रत्येक वारंवारतेला डॉटपर्यंत किती व्होल्टेज पोहोचतं, ते मायक्रोवेव्ह चालू असताना विद्युतभार-संक्रमणाची (डॉटमध्ये एक इलेक्ट्रॉन आत-बाहेर होतो त्या व्होल्टेजची) रेषा किती रुंदावते त्यावरून मोजा आणि मगच आलेख काढा.