धिंगरीच्या पिशवीत खत घालावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोपरखैरण्याच्या फ्लॅटमध्ये, वापरात नसलेल्या बाथरूममध्ये धिंगरीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) पेंढ्याने भरलेल्या चार पिशव्या टांगल्यात. पहिला बहर छान आला. दुसऱ्याला मात्र देठ लांबलचक आणि टोप्या रुपयाएवढ्या. आता गुलाबाला घालता ते १९:१९:१९ खत पाण्यातून फवारावं, की चमचाभर युरिया द्यावा?

दोन्ही नको. मी कळव्याला घरातल्या एका खोलीत गेली सहा वर्षं धिंगरी घेते, आणि तुम्ही सांगितलेली लक्षणं उपासमारीची नाहीत. पिशवीला हवा कमी पडतेय आणि पाणी कमी पडतंय.

आधी देठाचं बघू. बंद खोलीत बुरशीचा श्वास कोंडतो, कार्बन डायऑक्साइड साठतो. असं झालं की धिंगरीचे देठ ताणत जातात आणि टोप्या खुरटतात. बाथरूमची खिडकी किंवा एक्झॉस्ट दिवसातून चार-पाच वेळा दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. अंधारही नको, पुस्तक वाचता येईल इतका उजेड हवा.

दुसरा बहर हलका येण्याचं कारण पाण्याच्या हिशोबात सापडतं. १ किलो कोरडा पेंढा भिजून निथळला की पावणेतीन-तीन किलोचा होतो. ताज्या धिंगरीत ९० टक्के पाणीच असतं. पहिल्या बहराला ६०० ग्रॅम काढली असेल, तर अर्धा किलोहून जास्त पाणी तुम्ही पिशवीतून तोडून नेलंत, शिवाय वाऱ्याने उडालं ते वेगळं. म्हणून तोडणी झाल्यावर जुने देठ खरवडून काढा, पिशवीवर दिवसातून दोन-तीनदा बारीक फवारा मारा, खोलीची जमीन ओली ठेवा. पिशवीच्या तळाशी पाणी मात्र साचू देऊ नका.

आता खताकडे येते. गुलाब मुळांनी नत्र-स्फुरद-पालाश घेतो आणि साखर उन्हात स्वतः बनवतो. धिंगरीला हिरवं पान नाही. ती पेंढ्यातलं लाकडासारखं कठीण द्रव्य फोडूनच खाते. तिचं जेवण म्हणजे तो पेंढा. पावसाळ्यात आमच्या मुरबाडकडे वारुळांवर अळंबी फुटते, तिलाही कुणी खत घालत नाही. चावलेल्या गवत-लाकडाचे मळे वाळवीच आत करून ठेवते, त्यावर ती वाढते.

१ किलो कोरड्या पेंढ्यात नत्र जेमतेम ५-६ ग्रॅम असतं, आणि धिंगरीला ते पुरतं. युरियात ४६ टक्के नत्र. दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम, टाकले की पेंढ्यातलं नत्र एका फटक्यात जवळजवळ दुप्पट होतं. ओल्या पेंढ्यात युरियाचा अमोनिया होतो, बुरशीचं पांढरं जाळं त्याने मरतं आणि नको ते पाहुणे माजतात. मशरूमच्या व्हिडिओंत युरिया दिसतो तो बटण मशरूमच्या कंपोस्टमध्ये. तिथे तो अगदी सुरुवातीला घालतात, ढीग बरेच दिवस पुन्हा पुन्हा उलटतात, अमोनियाचा वास पूर्ण गेल्यावरच बियाणं, म्हणजे दाण्यांवर वाढवलेली मशरूमची बुरशी, पेरतात. ती पद्धत तुमच्या तयार पिशवीला लावता येत नाही. आणि फुटलेल्या धिंगरीवर खत फवारणं तर कटाक्षाने टाळा. ती जे मिळेल ते शोषते आणि दोन दिवसांत आपल्या ताटात येते.

चुना आणि जिप्सम यांना लोक टॉनिक समजतात. चुना आंबटपणा कमी करतो, जिप्सममुळे कंपोस्टचे गोळे होत नाहीत. एवढंच त्यांचं काम.

उत्पन्न खरोखर वाढवणारी एक गोष्ट आहे: कोंडा. पण तो पिशवी भरण्याआधी घालायचा असतो, आणि इथेच मी चांगलीच पोळले. दुसऱ्या वर्षी माहेरच्या भातगिरणीतून ताजा कोंडा आणला, गरम पाण्यातून काढलेल्या पेंढ्यात मुठी-मुठीने मिसळला आणि बारा पिशव्या भरल्या. चौथ्या दिवशी पिशवीला हात लावला तर ताप आल्यासारखी गरम. आठवड्यात आठ पिशव्या हिरव्यागार. पेंढा गरम पाण्यातून काढला तरी त्यात थोडे जंतू राहतातच. नुसत्या पेंढ्यावर धिंगरी त्यांना पुरून उरते. कोंडा दिला की तो आधी हिरवी बुरशीच फस्त करते.

म्हणून कोंडा घालायचाच असेल तर पुढच्या खेपेला, आणि एकाच पिशवीत करून बघा. १ किलो कोरड्या पेंढ्याला ५० ग्रॅम ताजा गव्हाचा कोंडा, खवट वास येणारा नको. दोन्ही भिजवून, एकत्र कालवून, उष्णता सोसणाऱ्या छोट्या पिशव्यांत भरा आणि प्रेशर कुकरमध्ये पूर्ण दाबावर तास-दीड तास ठेवा. पूर्ण गार झाल्यावर, पंखा बंद करून, स्वच्छ हातांनी बियाणं घाला. अशी पिशवी जास्त तापते, म्हणून दुसऱ्या पिशवीला चिकटवून टांगू नका.

तुमच्या चारपैकी एखादीवर हिरवा डाग दिसला, तर तिथेच उघडून बघू नका. तशीच दुसऱ्या पिशवीत बांधून घराबाहेर न्या, आणि मग हात धुऊनच उरलेल्या तिघींना पाणी द्या.