१२ बोअरची काडतुसे घरी भरताना: सुरुवात कुठून करावी

तुमचे तीन प्रश्न आहेत: रेंजवर गोळा केलेल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या रिकाम्या हलमध्ये (काडतुसाच्या कवचात) एकच लोड (दारू, छर्रे वगैरेंची ठरलेली जुळणी) चालेल का, ठरलेला वॅड (दारू आणि छर्ऱ्यांमधला बूच) मिळाला नाही तर दुसरा घालता येईल का, आणि यात पैसे वाचतात का. पहिल्या दोन्हींचे उत्तर नाही. तिसऱ्याकडे शेवटी येतो.

त्याआधी एक गोष्ट. बंदुकीची दारू आणि प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) घरी ठेवण्याचे व काडतुसे भरण्याचे नियम जागोजागी वेगळे आहेत. कुठे मोकळीक आहे, कुठे परवाना लागतो, कुठे साफ मनाई आहे. तुमच्याकडचा नियम पाहिल्याशिवाय प्रेस, म्हणजे काडतुसे भरण्याचे यंत्र, टेबलावर बसवूसुद्धा नका.

आता मूळ मुद्दा. रायफलची काडतुसे भरणारे कमी दारूपासून सुरुवात करून हळूहळू वर जातात. शॉटगनला ती पद्धत लावू नका. इथे हल, प्रायमर, दारूचा प्रकार व वजन, वॅड आणि छर्ऱ्यांचे वजन या सगळ्यांची मिळून एक रेसिपी असते. दारू बनवणाऱ्या कंपनीने ती प्रयोगशाळेत दाब मोजून छापलेली असते. तिच्यातला एक घटक बदलला की छापलेला दाब तुमच्या काडतुसाचा राहत नाही. साधा प्रायमर बदलला, तोही त्याच २०९ मापाचा, तरी दाब हजार-दोन हजार पीएसआयने (पौंड प्रति चौरस इंच) सरकू शकतो. २¾ इंची १२ बोअरची अमेरिकी कमाल मर्यादा ११,५०० पीएसआय आहे. मर्यादेजवळच्या लोडमध्ये एवढा फरक फार होतो. ‘थोडी दारू कमी घातली की सुरक्षित’ हेही चुकीचे आहे. दाब फार कमी पडला तर दारू नीट जळत नाही, बार फुसका होतो आणि वॅड नळीतच अडकू शकतो. त्यावर पुढचा बार काढला तर नळी फुटू शकते.

हलचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. बाहेरून सारखी दिसणारी हल आतून सारखी नसतात. रेमिंग्टन एसटीएससारखी काही एकसंध असून तळाकडे निमुळती होत जातात. चेडाइट आणि फिओकीची बहुतेक हल सरळ नळीसारखी असून तळाला बेसवॅड नावाचा वेगळा तुकडा असतो. आतली जागा वेगळी, म्हणून वॅडही वेगळा लागतो. निमुळत्या हलचा वॅड सरळ हलमध्ये घातला तर त्याची कड भिंतीला नीट बसत नाही, वायू बाजूने निसटतो आणि बार एकसारखे होत नाहीत. वॅड बदलू नका म्हणतो ते यासाठी. ढिगातून एकाच कंपनीची, एकाच प्रकारची हल निवडा. तोंड चिरलेली आणि बेसवॅड सैल झालेली फेकून द्या. राहिलेल्यांसाठी रेसिपी शोधा आणि मगच खरेदीला जा. बरेच जण आधी दारू आणतात, मग तिला जुळेल असे काहीतरी शोधत बसतात.

नव्या माणसाने एका वेळी एकच काडतूस भरणारा प्रेस घ्यावा. मेकचा ६०० ज्युनियर किंवा लीचा लोड-ऑल पुरेसा आहे. प्रत्येक पायरी डोळ्यांसमोर होते, आणि दोनदा पडलेली किंवा मुळीच न पडलेली दारू वॅड बसवण्याआधी हलमध्ये डोकावून पाहता येते.

ज्यावर तडजोड नको ते यंत्र म्हणजे तराजू. प्रेस दारू वजनाने नव्हे, बुशिंगच्या (माप ठरवणाऱ्या भोकाच्या कड्याच्या) आकारमानाने मोजतो. बुशिंगच्या तक्त्यातला आकडा आणि तुमच्या हाताखाली पडणारी दारू यांत फरक येतो, कारण चार्ज बार (माप टाकणारी सरकती पट्टी) सरकवण्याचा जोर, टेबलाची थरथर आणि हॉपरमधली (दारूच्या टाकीतली) पातळी या सगळ्यांचा परिणाम होतो. म्हणून सुरुवातीची काही मापे टाकून द्या, मग लागोपाठ दहा मापे तोला. आणि तोलताना प्रेसच्या सगळ्या हालचाली पूर्ण करा, नुसता चार्ज बार सरकवू नका. छर्रेही तसेच तोला. १ औंस म्हणजे ४३७.५ ग्रेन. शिशाच्या लोडमध्ये पोलादी छर्रे कधीही नकोत. त्यांची रेसिपी आणि वॅड पूर्ण वेगळे असतात.

क्रिंप, म्हणजे घड्या घालून बंद केलेले हलचे तोंड, नीट बसेपर्यंत नवा माणूस वैतागतो. मध्ये भोक राहिले किंवा खड्डा फार खोल गेला तर दारू वाढवून-घटवून ते दुरुस्त करू नका. आधी हल, वॅड आणि छर्ऱ्यांचे वजन रेसिपीशी ताडून पाहा, मग प्रेसचा स्क्रू फिरवा. सहा घड्यांच्या हलला आठ घड्यांचा स्टार्टर (घड्यांची सुरुवात करणारा प्रेसचा भाग) लावला तरी तोंड बिघडते.

टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. काम संपले की हॉपर रिकामा करून दारू त्याच मूळ डब्यात. प्रायमर कारखान्याच्या ट्रेमध्येच राहू द्या, बाटलीत ओतू नका. चष्मा घाला. शिसे हाताळताना खाणे-पिणे नाही, नंतर साबणाने हात धुवा.

पैशांचे म्हणाल तर १८ ग्रेनच्या लोडला एका पौंड दारूत सुमारे ३८८ काडतुसे होतात आणि २५ पौंड छर्ऱ्यांत १ औंसाची ४००. त्यात प्रायमर व वॅड मिळवून तयार काडतुसांच्या भावाशी ताडून पाहा. १२ बोअरच्या स्वस्त टार्गेट लोडवर बचत बहुधा नगण्य असते. २८ बोअर आणि .४१० या लहान मापांत मात्र ती खरी दिसते, कारण ती तयार काडतुसे महाग असतात आणि भरताना शिसे कमी लागते.

पहिली दहाच भरा आणि एकेक करून उडवा. आवाज नेहमीपेक्षा मंद आला तर थांबा, बंदूक रिकामी करा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का पाहा. हलवर छापलेले नाव आणि प्रेसचे मॉडेल कळवलेत तर बुशिंग निवडायला मदत करतो.