रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर दोन सारख्या जॉयस्टिक आणि एक ब्लूटूथ पॅड आहे. दर रीस्टार्टला प्लेअर वन आणि टू आपोआप बदलतात. दुकानदार म्हणतो जॉयस्टिक खराब आहेत. नवीन घेऊ का?

नका घेऊ. तुमच्या जॉयस्टिकना काहीही झालेलं नाही, आणि जो दुकानदार हे न तपासता नवा माल गळ्यात मारतोय त्याच्याकडे परत जाऊ नका.

तुम्ही खाली लिहिलंय की पाय ४ आहे, रेट्रोपाय (जुने खेळ चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलंय, दोन्ही जॉयस्टिक झिरो डिले बोर्डावर (जॉयस्टिक आणि बटणं यूएसबीला जोडणारा स्वस्त बोर्ड) आहेत, आणि 'घरचे म्हणतात बाजू बदलून उभे राहा, एवढं काय त्यात'. खरं सांगायचं तर मी लिहायला बसले ती या शेवटच्या वाक्यामुळे.

आधी कारण. झिरो डिलेच्या बहुतेक बोर्डांचा व्हेंडर आयडी (कंपनीचा नंबर) ००७९ आणि प्रॉडक्ट आयडी (मॉडेलचा नंबर) ०००६ असतो. सीरियल नंबर नसतोच. त्यामुळे पायवर चालणाऱ्या लिनक्सला ही दोन बोर्डं वेगळी ओळखताच येत नाहीत. चालू होताना जे आधी सापडेल ते जेएस ० (पहिली जॉयस्टिक, म्हणजे प्लेअर वन), नंतरचं जेएस १. डेव्ह, इनपुटमधलं बाय-आयडी फोल्डर उघडून बघा, दोन्ही जॉयस्टिक जोडलेल्या असूनही नाव एकदाच दिसेल. त्याच्या शेजारच्या बाय-पाथमध्ये मात्र दोन्ही वेगळ्या दिसतात, कारण तिथे ओळख वस्तूची नसून पोर्टची असते. सगळा इलाज या एका गोष्टीत आहे.

आता बाजूबद्दल. आम्ही कोपरीत, म्हणजे ठाणे पूर्वेला वाढलो. स्टेशनच्या बाजूला एक व्हिडिओ गेम पार्लर होतं, दादा मला तिथे घेऊन जायचा. मुली फारशा यायच्या नाहीत, मी त्याच्यामागे उभी राहून बघायचे. मुस्तफा, म्हणजे कॅपकॉमचा १९९३चा कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, आणि स्ट्रीट फायटर टू हे आमचे दोन खेळ. मला खेळायला मिळायचं, पण कायम उजवीकडे. डावी जॉयस्टिक दादाची, कारण नाणं त्याचं आणि वयही त्याचं मोठं. स्ट्रीट फायटरमध्ये प्लेअर वन डावीकडे उभा असतो आणि उजवीकडे तोंड करतो. हादोकेन, म्हणजे हातातून सुटणारा आगीचा गोळा, मारायला त्याला खाली, तिरकं, उजवीकडे आणि पंच असं फिरवावं लागतं. प्लेअर टूला तेच उलटं, डावीकडे. मी उलटंच शिकले. आजही डावीकडे उभी राहिले की बोटं आधी चुकीच्या दिशेला जातात. लाइफ बार बघायलाही नजर आधी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात जाते.

तर बाजूने फरक पडतो. हातात पडतो आणि डोळ्यांतही पडतो.

ऐरोलीला दादाच्या घरी आम्ही मशीन बसवलं तेव्हा पॅनेल मी आखलं. सुताराकडून प्लाय कापून घेतला, डावीकडे लाल बटणं, उजवीकडे निळी, आणि मुस्तफाला तीन जण खेळता येतात म्हणून तिसऱ्यासाठी ब्लूटूथ पॅड. दादाचं म्हणणं, एवढा खटाटोप कशाला, तीन पॅड आण आणि सोफ्यावर बसून खेळा. मी ऐकलं नाही. सोफ्यावर बसून पॅड दाबण्यात आणि खांद्याला खांदा लावून उभं राहण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, ज्याने पार्लर बघितलंय त्याला तो सांगावा लागू नये.

गणपतीत संध्याकाळच्या आरतीनंतर बिल्डिंगमधली पोरं जमली. माझी भाची डावीकडे, शेजारचा मुलगा उजवीकडे, स्ट्रीट फायटर. ती पहिला राउंड जिंकली आणि लाइट गेली. परत आली, पाय चालू झाला, मॅच पुन्हा लावली, आणि ती लाल जॉयस्टिक हलवतेय तर उजवीकडचा केन, म्हणजे समोरच्याचा खेळाडू, हलतोय. तिला काही सुधरेना. राउंड संपेपर्यंत ती स्वतःच्या माणसाऐवजी समोरच्याकडे बघत होती. हरली. "आत्या, हा माझा नव्हताच," म्हणाली, तर सगळी पोरं हसली. दादा आतून ओरडला, "जागा बदला ना, त्यात काय एवढं!" बदलल्या. थोड्या वेळाने लाइट पुन्हा गेली, आणि परत आली तेव्हा सगळं उलटं झालेलं. मग कोण जिंकलं यावरून भांडणं. भाची आतल्या खोलीत जाऊन बसली ती जेवायलाही बाहेर येईना. वहिनी म्हणाली, सोड गं, गेम आहे.

मी सोडलं नाही. ज्याने लहानपणी डावी बाजू एकदाही सोडली नाही त्याने पोरीला 'बाजूने काय होतं' म्हणावं, हे मला सहन झालं नाही. त्या रात्री सगळे झोपल्यावर कीबोर्ड लावून बसले.

केलं ते असं. दोन्ही जॉयस्टिक काढा, एकेक जोडा आणि प्रत्येक वेळी डीमेसेज (लिनक्सच्या नोंदी दाखवणारी कमांड) बघा. पोर्टचा पत्ता १-१.२ किंवा १-१.४ असा काहीतरी दिसेल. डावीचा कुठला, उजवीचा कुठला, लिहून ठेवा आणि वायरवर चिकटपट्टी लावा, कारण आता पोर्ट बदलायचं नाही. मग सिस, बस, यूएसबी, ड्रायव्हर्स, यूएसबी या फोल्डरपर्यंत जा, तिथे अनबाइंड (डिव्हाइस सोडवणारी) आणि बाइंड (परत जोडणारी) अशा दोन फाइली असतात. एक छोटी स्क्रिप्ट लिहा: आधी दोन्ही पत्ते अनबाइंडमध्ये टाकायचे, मग डावीचा पत्ता बाइंडमध्ये, एक सेकंद थांबायचं, मग उजवीचा. कर्नल (लिनक्सचा गाभा) नेहमी सर्वांत लहान मोकळा नंबर देतो, म्हणून डावी जेएस ० आणि उजवी जेएस १ होते. ही स्क्रिप्ट रेट्रोपायच्या ऑटोस्टार्ट फाइलमध्ये इम्युलेशनस्टेशनच्या (रेट्रोपायचा मेनू) ओळीच्या वर ठेवा, सुडो (अॅडमिनचे अधिकार देणारी कमांड) लावून. जेएसटेस्ट या जॉयस्टिक तपासणाऱ्या कमांडने तपासा, मग मेन स्विच बंद-चालू करून पुन्हा तपासा. सकाळी मी दादासमोर स्विच पाडून दाखवला. लाल ती डावीकडेच.

ब्लूटूथ पॅड पडद्यावर मेनू आल्यानंतरच चालू करायचा. आधी जोडला गेला तर तो शून्य किंवा एक नंबर पकडून बसेल आणि स्क्रिप्टचा उपयोग होणार नाही. ही सवय पोरांना पहिल्या दिवसापासून लावा.

स्क्रिप्ट लिहायची नसेल तर दुसरा रस्ता आहे: एक बोर्ड वेगळ्या बनावटीचं घ्या. आयडी वेगळा आला की रेट्रोआर्कच्या (रेट्रोपायमध्ये खेळ चालवणारा प्रोग्राम) नव्या आवृत्त्यांमध्ये ठरावीक डिव्हाइस ठरावीक खेळाडूसाठी राखून ठेवता येतं. बोर्ड मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल, पण घेताना आयडी बघून घ्या, डबा वेगळा असला तरी आत तेच निघू शकतं. आणि पैसे असतील तर आय-पॅकसारखा कीबोर्ड एन्कोडर (जॉयस्टिकची हालचाल कीबोर्डच्या कळांमध्ये बदलणारा बोर्ड) घ्या, त्यात दोन्ही खेळाडू एकाच बोर्डावर असतात. मेमला (पार्लरचे खेळ चालवणारा प्रोग्राम) तो कीबोर्ड वाटतो, प्लेअर वनला बाण आणि प्लेअर टूला आर, एफ, डी, जी या मेमच्या मुळातल्याच कळा, त्यामुळे अदलाबदलीचा प्रश्नच येत नाही.

आणि हो, तुमच्या घरच्यांना एकदा त्यांच्या नेहमीच्या बाजूच्या उलट उभं करून स्ट्रीट फायटरचे चार राउंड खेळवा. दादाला मी खेळवलं. एकही हादोकेन निघालं नाही, आणि त्यानंतर तो विषय त्याने काढलेला नाही.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. वर दिलेले पत्ते पाय ४चे आहेत, पायच्या दुसऱ्या मॉडेलवर आकडे वेगळे दिसतील, पद्धत तीच. पाय ४च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच मिळतात, तेव्हा बटणांचे एलईडी वगैरे लावणार असाल तर वेगळ्या पॉवरचा हब घ्या, आणि हब लावलात तर पत्ते पुन्हा बघून स्क्रिप्ट बदला. रेट्रोपायऐवजी बाटोसेरा या तशाच सॉफ्टवेअरवर असाल तर तिथे कंट्रोलरचं वाटप ते स्वतः करतं, रेट्रोआर्कमध्ये राखून ठेवलेलं टिकेलच असं नाही. तिथे स्क्रिप्टच वापरा.