मुलगा बाबांशी बोलत नाही: कौटुंबिक समुपदेशनाची कोणती पद्धत घ्यावी?
ताई, तुमचा प्रश्न असा: पंधरा वर्षांचा मुलगा सहा महिने बाबांशी बोलत नाही, सगळे निरोप तुमच्यामार्फत जातात, सासूबाई नातवाला पाठीशी घालतात. एक समुपदेशक ‘स्ट्रक्चरल’ पद्धत सुचवतात, दुसऱ्या ‘सोल्यूशन-फोकस्ड’. माझ्या मते तुमच्या घरासाठी आधी स्ट्रक्चरल.

स्ट्रक्चरल म्हणजे घराच्या रचनेवर काम करणारी, कुटुंब-उपचारतज्ज्ञ साल्वादोर मिनुचिन यांची पद्धत. घरात शब्द कोणाचा चालतो, कोण कोणाच्या बाजूला आणि कोण बाहेर पडलंय, हे यात बघतात. नुसत्या तक्रारी ऐकत नाहीत. ‘रात्री फोन किती वाजता बंद, हे बापलेकांनी आत्ता इथेच ठरवा’ असं सांगतात. दोन मिनिटांत आजी मध्ये बोलतात, बाबांचं वाक्य तुम्ही पूर्ण करता. जे घरी होतं तेच समोर घडतं आणि तिथेच थांबवता येतं. मग जागा बदलतात: तुम्ही नवऱ्याशेजारी, मुलगा बाबांच्या समोर, आजी थोडा वेळ फक्त ऐकणार.

हे बिघडतं ते बहुतेकदा आजींपाशी. त्यांना मान न देता बाजूला बसवलं, तर पुढच्या वेळी त्या येत नाहीत आणि ठरलेला नियम घरी टिकत नाही. दिवसभर मुलाला त्याच सांभाळत असतील तर त्यांचा अधिकार खराच आहे. तेव्हा वाटणी स्पष्ट करून घ्या: खाणंपिणं आजींकडे, फोन, अभ्यास, पैसे आईबाबांकडे.

सोल्यूशन-फोकस्ड, म्हणजे तक्रारीपेक्षा उपायावर भर देणारी पद्धत, स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या उपचारतज्ज्ञ जोडप्याची. यात समुपदेशक विचारतात, ‘शून्य ते दहात आज तुमचं नातं कितीवर?’ तीन म्हटलं की विचारतात, ‘शून्यावर का नाही?’ आणि ‘चारवर गेलं तर घरात काय वेगळं दिसेल?’ भेटी थोड्या लागतात. पण मुलाच्या वतीने तुम्हीच आकडा सांगणार असाल तर उपयोग नाही. बापलेक थेट बोलू लागले की हेच प्रश्न फार कामाचे.

बाबा यायलाच तयार नसतील तर मरे बोवेन या मनोविकारतज्ज्ञांची वाट धरा. तीन पिढ्यांचा नकाशा काढतात: नवऱ्याचं स्वतःच्या वडिलांशी बोलणं कसं होतं, तेही त्यात येतं. ही वाट संथ आहे, पण एकट्या माणसालाही चालता येते. तुमचं काम एकच, निरोप पोचवणं बंद. ‘हे तू त्यांनाच सांग.’ सुरुवातीला घरातला ताण वाढतो, दोघंही तुमच्यावर चिडतात. अनेकजणी इथेच माघार घेतात आणि सगळं पूर्वपदावर जातं.

घरात मारहाण असेल तर एकत्र भेट नकोच. तिथे खरं बोललेल्याची किंमत मुलाला घरी मोजावी लागते. त्याची झोप, जेवण, मित्र सुटले असतील किंवा तो जिवाचं बरंवाईट बोलत असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञ. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

भेट ठरवताना दोन्ही समुपदेशकांना दोन गोष्टी विचारा: पहिल्या भेटीला कोणाकोणाला बोलावता? आणि मुलाने एकट्यात सांगितलेलं आम्हाला कधी सांगाल, कधी नाही? दुसऱ्या प्रश्नाचं नेमकं उत्तर मुलासमोरच मिळू द्या, नाहीतर तो तोंड उघडणार नाही.