निघायच्या वेळी फुगे गोळा करणारी पोरगी

‘ताई, माझी साडेतीन वर्षांची लेक कुठेही गेलं की माझ्या ओढणीत तोंड खुपसून बसते. परवा वाढदिवसाला दीड तास मांडीवरून उतरली नाही, आणि सगळे चपला घालायला लागले तेव्हा फुगे गोळा करत सुटली. मोठा मुलगा असा नव्हता. सासूबाई म्हणतात तूच लाडावून ठेवलीयस. माझं काय चुकलं?’ – एक आई, डोंबिवली

अगं, काही चुकलं नाही तुझं. आणि ते फुग्यांचं तू जाता जाता लिहिलंस ना, मी तिथेच थांबले. म्हणजे पोरीला यायचं होतं, फक्त तिला दीड तास लागला आणि तोवर पार्टी संपली.

१९५६ साली न्यूयॉर्कमध्ये स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस या डॉक्टर नवरा-बायकोने लहान बाळांचा अभ्यास सुरू केला, पुढे १३३ मुलं मोठी होईपर्यंत पाहिली. त्या काळी मुलाचं काही बिनसलं की खापर आईवर फुटायचं (तिकडेही सासूबाई असाव्यात!) आणि या दोघांना ते पटत नव्हतं. त्यांना दिसलं की पिंड अगदी तान्हेपणापासून वेगळा असतो, आणि त्यांच्या पाहण्यातली साधारण १५ टक्के मुलं हळूहळू रुळणारी होती, नवीन माणूस, नवीन जागा, नवीन चव, आधी मागे सरकणार मग बेताबेताने पुढे येणार. खरा त्रास कुठे होतो, तर मुलाचा पिंड एक आणि घरच्यांची घाई दुसरीच, तिथे.

म्हणून ‘काकूंना पोएम म्हणून दाखव’ बंद. तिच्यादेखत ‘ही लाजाळूच आहे’ हेही बंद, पोरं ऐकत असतात गं सगळं. पण रडते म्हणून घरीच ठेवायचं, तेही नको, मग रुळायला मिळणार कधी? दादाशी तुलना तर तू पत्रातसुद्धा केलीस, बघ.

हां, घरी भरपूर बोलते पण शाळेत महिना उलटला तरी शब्द नाही, किंवा घरातही नजर देत नाही, हाकेला ओ देत नाही, असं असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखव, थांबू नकोस.

पुढच्या वाढदिवसाला अर्धा तास आधी जा, फुगे फुगवायचे बाकी असतानाच. हॉल रिकामा असेल, तिला एक फुगा धरायला दे आणि तू गप्प बस.