‘व्हिर्तुस’ म्हणजे सद्गुणच का?

प्रश्न असा आला आहे: इटालियन चित्रकार मान्तेन्याच्या ‘व्हिर्तुस कोम्बुस्ता’ (लॅटिन; ‘कोम्बुस्ता’ म्हणजे जळालेली) या रेखाचित्राला मराठीत ‘जळालेला सद्गुण’ म्हणता येईल का?

म्हणू नये, असं माझं मत. ब्रिटिश म्युझियममधल्या या चित्रात अज्ञान म्हणजे गोलावर बसलेली एक लठ्ठ, मुकुट घातलेली बाई आहे, आणि जळताहेत त्या लॉरेलच्या फांद्या. लॉरेल या झाडाच्या पानांच्या मुकुटाचा मान विजेत्यांचा आणि कवींचा. म्हणजे इथे आगीत चाललंय ते कर्तृत्व, विद्या, प्रतिभा. ‘सद्गुण’ म्हटलं की खरं बोलावं, लवकर उठावं असला सुविचारांचा फळाच डोळ्यांपुढे येतो.

‘व्हिर्तुस’ आला ‘व्हिर’ म्हणजे पुरुष या शब्दावरून, आणि आपला ‘वीर’ त्याचा सख्खा भाऊ. त्या हिशेबाने ‘वीर्य’ हा चोख प्रतिशब्द, पण आज तो चित्राखाली छापून बघा!

मला नुसता ‘गुण’ जास्त पटतो. औषधाचा गुण येतो, वैद्याच्या हाताला गुण असतो, गवई गुणी असतो. लॅटिनमध्येही वनौषधीच्या अंगच्या शक्तीला ‘व्हिर्तुस’च म्हणत, आणि इटालियन ‘व्हर्च्युओसो’ म्हणजे आपला गुणी कलावंतच की. म्हणून मी मथळा देईन ‘गुणांची होळी’.

इटालियन चित्रकार राफाएलच्या ‘सरदाराचं स्वप्न’ या चित्रामध्ये (सुमारे 1504) अडचण वेगळी. लॉरेलखाली तरुण झोपलाय. एका बाजूला तलवार आणि ग्रंथ घेतलेली स्त्री, दुसऱ्या बाजूला फूल घेतलेली. पहिलीला सहसा व्हिर्तुस मानतात, दुसरीला सुखासक्ती. लॅटिनमध्ये ‘व्हिर्तुस’ स्त्रीलिंगी, त्यामुळे तिथे काही खटकत नाही. मराठीत मात्र ‘सद्गुण तलवार घेऊन उभी आहे’ असं लिहावं लागेल! इथे ‘गुणदेवता’ चालवून घ्यावं. जरा जड आहे, पण लिंग सांभाळतं.

विवेक, न्याय, धैर्य, संयम ही युरोपीय परंपरेतल्या चार मुख्य सद्गुणांची चौकडी चित्रात एकत्र असेल तिथे ‘सद्गुण’ खुशाल वापरा. त्यातलं धैर्य एकटं, बाईच्या रूपात काढलेलं असेल तर मात्र ‘धृती’ लिहा. गीतेच्या दहाव्या अध्यायात कीर्ती, मेधा, क्षमा यांच्या पंगतीत ती आहेच.