डोक्याला मार लागल्यावर मेंदूत नवीन चेतापेशी तयार होतात का?

उंदरांमध्ये होतात, आणि मार लागल्यावर काही दिवस तर नेहमीपेक्षा जास्तच. पण त्यामुळे मेंदू भरून निघतो असं समजू नका.

प्रौढ उंदराच्या मेंदूत नव्या चेतापेशी मुख्यतः दोनच ठिकाणी जन्मतात: स्मरणशक्तीशी संबंधित हिप्पोकॅम्पसमध्ये आणि मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळ्यांच्या कडेला. इजा झाली की तिथल्या मूळ पेशी, म्हणजे ज्यांच्यापासून नव्या पेशी बनतात त्या, भराभर विभागू लागतात. काही नवजात पेशी तर आपली नेहमीची वाट सोडून जखमेकडे सरकतात. पुढे मात्र घोडं अडतं. जखमेभोवती सूज असते, रक्तपुरवठा तुटलेला असतो, त्यात बहुतेक पेशी मरून जातात. २००२ साली स्वीडनमध्ये उंदरांना पक्षाघात (मेंदूचा रक्तपुरवठा तुटून होणारी इजा) घडवून पाहिलं, तेव्हा ८० टक्क्यांहून जास्त नव्या पेशी काही आठवड्यांत मेल्या आणि गमावलेल्यांपैकी जेमतेम ०.२ टक्के भरून निघाल्या. म्हणजे दर्यामें खसखस!

शिवाय जगलेल्या सगळ्याच उपयोगी पडतात असंही नाही. हिप्पोकॅम्पसमध्ये काही भलत्याच थरात जाऊन बसतात, चुकीच्या जोडण्या करतात. इजेनंतर येणाऱ्या फिट्सशी याचा संबंध असावा, असा संशोधकांना संशय आहे.

माणसाचं काय? प्रौढपणी नव्या चेतापेशी होतात का, यावरच वाद आहे. २०१८ मध्ये एका गटाने जवळपास नाहीत म्हटलं, दुसऱ्याने म्हातारपणीही सापडतात म्हटलं.

त्यामुळे रुग्ण पुन्हा बोलू-चालू लागतो त्याचं मोठं श्रेय उरलेल्या पेशींनी केलेल्या नव्या जोडण्यांना जातं. म्हणून फिजिओथेरपी कंटाळवाणी वाटली तरी सोडू नका.